गज तुमचा, अंगठा आमचा

मी गज बोलतोय. नाव हत्तीचं, अंग काठीचं. कापडाच्या दुकानात, गादीच्या उजव्या हाताला, भिंतीशी टेकून उभा असतो. शिसवी लाकूड, दोन्ही टोकांना पितळी टोपणं, आणि पाव, अर्धा, पाऊण ओळखायला अंगावर पितळेचे ठिपके. म्हातारा झालोय, पण वाकलेलो नाही.

आधीच सांगून ठेवतो, मी संशयी आहे. धंद्यानं तसं केलंय. गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी मापाकडे बघतं, मग मापवाल्याकडे, आणि सगळ्यात शेवटी कापडाकडे. ज्याच्याकडे जन्मभर लोकांनी डोळे बारीक करून पाहिलं, त्यानं लोकांकडे प्रेमानं बघावं असं तुम्ही म्हणाल, तर तुम्ही कधी दुकान चालवलेलं नाही.

आमची गल्ली जुनी. दोन्ही बाजूंचे लाकडी सज्जे इतके जवळ आलेत की समोरासमोरच्या बायका हात लांब करून एकमेकींना सुईदोरा देतात. दुकानाला दगडी कमान, कमानीत बुटकी चौकट. आत येणाऱ्यानं वाकून यावं म्हणून बांधणाऱ्यानं ती मुद्दाम तशी ठेवली, असं प्रवाशांना सांगतात. बहुधा कपाळ आपटून झाल्यावर सांगतात. त्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचा मी. म्हणजे चौकट माझी थोरली बहीण. तिनं लोकांना वाकवायचं आणि मी मोजायचं, अशी आमची वाटणी.

माझे पहिले धनी थोरले मालक. बोलणं कमी, हात जास्त. त्यांनी मला कापड मोजायला केलं खरं, पण दुकानातली काठी एकाच कामावर कधी राहते? वरच्या फळीवरचा कापडाचा तागा खाली ओढायला मी. कुत्रं हाकलायला मी. दुकानाच्या दाराचं अडकलेलं फळकूट ठोकायला मी. पावसाळी दिवसांत दोरीच्या जागीही मीच, माझ्यावर छत्र्या टांगायच्या.

माणसं मी तेव्हापासून ओळखायला लागलो. ‘नुसतं बघतोय’ म्हणणारा घेऊन जातो आणि ‘आज घ्यायचंच’ म्हणणारी चहा पिऊन जाते. एक गृहस्थ आजारी भावासाठी मयताचं कापड घ्यायला आले होते. भाऊ अजून चांगला श्वास घेत होता. ‘वेळेवर धावपळ नको,’ म्हणाले. थोरल्या मालकांनी मुकाट्यानं मोजून दिलं. पुढे तो भाऊ खडखडीत बरा झाला आणि त्याच कापडात त्यानं या गृहस्थांना पोचवलं. कापड वाया गेलं नाही, एवढंच समाधान. तेव्हापासून कोणी भविष्याची तयारी करायला आलं की मी जरा भिंतीला चिकटतो.

थोरल्या मालकांनंतर त्यांचा मुलगा गादीवर आला. हे आताचे मालक. बापाच्या उलट. बोलायला लागले की तागा आपोआप उलगडावा तसे उलगडतात. पण मोजायची रीत बापाचीच. कापड माझ्या अंगाला नुसतं टेकवायचं, ताणायचं नाही. माझं टोक आलं की तिथं अंगठा आडवा ठेवायचा आणि अंगठ्याच्या पलीकडून पुढचा गज धरायचा. दर गजाला एक अंगठा. तो ठेवताना मालक मान वर करून म्हणायचे, “गज तुमचा, अंगठा आमचा.”

या एका वाक्यावर दुकान चाललं म्हणा ना. लोक आम्हाला अंगठेवाले म्हणायचे. लांबलांबून यायचे. मला मात्र तो अंगठा कधी आवडला नाही. एवढा सरळ मी उभा असताना माझ्यापुढं एक जाडजूड अंगठा कशाला? जणू मी एकटा पुरत नाही.

मालकांच्या मुलाला कापडाचं नाव काढलं की शिंका येतात. तो दूरच्या शहरात नोकरीला लागला, महिन्यातून एकदा घरी येतो. त्याच्या बायकोला मात्र दुकान आवडलं. सून हळूहळू पुढं आली. आधी घड्या घातल्या, मग कापड दाखवायला लागली, मग मालक जेवायला आत गेले की गादीच्या कडेला टेकायला लागली. मालकांची धाकटी बहीण, आत्याबाई, मागच्या खोलीत बसून नमुन्यांच्या तुकड्यांना काठ घालतात. त्यांची सुई खाली आणि नजर वर असते. त्यांना हे पसंत नव्हतं.

“दादा, गादी म्हणजे काय पाट आहे का, आला तो बसला?” त्या म्हणायच्या.

“अगं, ती काय बाहेरून आली? आपली सूनच आहे.”

“तेच म्हणते. सूनच आहे.”

मी आत्याबाईंच्या बाजूचा होतो. नवं माणूस म्हणजे नव्या सवयी. शिवाय ती गोड बोलायची, आणि गोड बोलणाऱ्यानं मोजलेलं कापड मी परत एकदा मनात मोजतो.

अशात गल्लीत प्रवासी यायला लागले. कमानी बघायच्या, सज्ज्यांवरची नक्षी बघायची, मागच्या आळीतले माग खटखटताना बघायचे. घेऊन येणाऱ्या एक बाई होत्या. मोठा घोळका नाही, मोजकी माणसं आणायच्या आणि सावकाश दाखवायच्या. खांद्याच्या पिशवीत गुंडाळलेली मापाची फीत. दार दिसलं की मोज, खिडकी दिसली की मोज. गल्लीच्या टोकाचं बंद पडलेलं दुमजली घर त्यांनी घेतलं होतं. ते नीट करून तिथं प्रवाशांना उतरवायचं होतं.

पहिल्याच दिवशी बाई माझ्यापुढं थांबल्या. कापड नाही, मालक नाही, मी. माझ्या ठिपक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. शेवटच्या ठिपक्यापासून टोकापर्यंत दोनदा फिरवलं.

“काका, हा विकणार का?”

“गज विकला तर मोजू कशानं? बायकोनं मागितला असता तरी दिला नसता.”

आतून आत्याबाई म्हणाल्या, “वहिनीनं मागितला होता. कपडे वाळत घालायला. खरंच नाही दिला.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. याच बाईंनी समोरच्या कुलूपवाल्याची जुनी कुलपं नेली होती आणि शेजारचा रिकामा पाळणा नेला होता. जुन्या वस्तूंचं कौतुक करणारा माणूस मला कसायासारखा वाटतो. तोही बकरीला आधी गोंजारतोच.

बाईंना त्या घराच्या खिडक्यांसाठी पडदे हवे होते, इथल्याच मागावरच्या कापडाचे. त्या स्पष्ट म्हणाल्या, “माझ्या लोकांना मी गल्लीतलं एकच दुकान सांगणार. जिथं मी डोळे मिटून पाठवू शकेन असं. आधी पडदे लागू देत, मग ठरवते.”

त्या गेल्यावर मालकांनी सुनेला समोर बसवलं. “हे काम नीट पार पडलं ना, तर प्रवाशांचं सगळं तू बघायचं. आणि मग गादीही तूच सांभाळ. माझे गुडघे आता मांडी घालू देत नाहीत.”

मागच्या खोलीत सुई थांबली. मला ऐकू आलं.

खालच्या मजल्याचे पडदे मालकांनी स्वतः मोजले. दर पडद्याला दोन गज, दर गजाला अंगठा, आणि तोंडानं ते नेहमीचं वाक्य. नंतर त्यांचा गुडघा सुजला आणि ते आतल्या खोलीत पाय पसरून पडले. वरच्या मजल्याचे पडदे सुनेनं मोजले. तिनं मला हातात घेतलं, कापड टेकवलं, टोकाशी आली आणि अंगठा ठेवलाच नाही. सरळ पुढचा गज धरला.

आत्याबाई दारातच होत्या. “अंगठा राहिला.”

“राहिला नाही, सोडला,” सून म्हणाली. “बाबांचा अंगठा जाड, माझा बारीक, तुमचा वाकडा. अंगठ्यावर माप कसं चालेल, आत्याबाई? द्यायचंच तर वेगळा तुकडा देऊ. गज म्हणजे गज.”

तुमच्यापासून काय लपवायचं, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. पण लगेच दुसरा विचार आला. आज अंगठा काढला, उद्या गज काढील. तिनं कुठंतरी चकचकीत पोलादी पट्ट्या बघून ठेवल्या होत्या, हे मला ठाऊक होतं.

पडदे गेले. काही दिवसांनी बाई आल्या. बरोबर प्रवासी नव्हते. हातावर एक पडदा घडी घालून टाकलेला. मालक त्या दिवशी कसेबसे गादीवर बसले होते, एक पाय लांब करून. सून तागे लावत होती. मागच्या आळीतला विणकर नवं कापड पोचवायला आला होता.

“काका, एक विचारू? रागवू नका.”

“रागवायचं तर उठून उभं राहावं लागतं, बाई. ते आता जमत नाही. विचारा.”

“खालचे पडदे बरोबर बसले. वरचे तोकडे पडलेत. सगळ्या पडद्यांखालून उजेडाची पट्टी दिसते. खिडक्या वरखाली एकाच मापाच्या आहेत, मी मोजल्यात. शिंपी एकच. दुमडही सारखी.”

मग आत्याबाई सुईसकट बाहेर आल्या.

“मी सांगत नव्हते, दादा? कानामागून आली आणि तिखट झाली. इतक्या वर्षांचं नाव, आणि हिनं अंगठा गिळला.”

सुनेचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. “अंगठा मी सोडला, खरंय. पण तो वरचा होता ना, आत्याबाई? वरचं दिलं नाही म्हणून मूळचं कमी कसं होईल? गज तर मी पुरा मोजलाय.”

“पुरा मोजलास तर कापड काय उंदरांनी नेलं?”

मालकांनी विणकराकडे पाहिलं. “आटलं असेल. या खेपेचं सूत जरा...”

“काका,” विणकर म्हणाला, “माझं कापड मागावरून उतरलं की पाणी पिऊनच तुमच्या दारात येतं. आटायचं ते माझ्याकडेच आटतं. आणि आता माझ्यावर येऊ नका, मीच पुष्कळ आटलोय.”

झालं. आत्याबाईंचा संशय सुनेवर, मालकांचा विणकरावर, विणकराचा शिंप्यावर. शिंपी तिथं नव्हता म्हणून तो वाचला. मीही गप्प बसलो नव्हतो. माझा संशय बाईंवर. पडदे यांनीच कापले असतील. दुकानाचं नाव घालवायचं, मालक खचले की मला पदरात पाडून घ्यायचं. सुतावरून स्वर्ग गाठतात तो असा. आणि सूत तर आमच्याकडे भरपूर.

मालक गादीवर नुसते थोडे सरकले, मधोमध. तिला टेकायला जी कड राहायची, ती भरून गेली. तिनं ते पाहिलं. मीही पाहिलं. माणसं मोठे निकाल असेच देतात, ढुंगण हलवून.

सून ताग्यांशी उभीच होती. ती म्हणाली, “बाई, खालचे पडदे बरोबर बसले म्हणालात. बरोबर, की जरा लांब?”

“बरोबर. खिडकीच्या काठाला टेकून.”

“लोळत नाहीत?”

“कणभरही नाही.”

“तुम्ही आमच्याकडून किती मागितलं होतं?”

“दोन गज. पडद्याला दोन गज.”

“आणि बाबांनी दोन गज आणि वर दोन अंगठे दिले.” ती मालकांकडे वळली. “मग ते दोन अंगठे कुठं गेले, बाबा?”

आणि मग ती माझ्याकडे बघायला लागली. अशी नजर मी ओळखतो. गिऱ्हाईक आत येताना असंच बघतं. पण घरातल्या माणसानं मला तसं कधीच बघितलं नव्हतं.

“बाई, तुमची फीत द्या जरा.”

तिनं मला जमिनीवर आडवं ठेवलं. बाईंनी फीत एका टोपणाशी धरली, सुनेनं ती माझ्या अंगावरून ओढत नेली. गार लागली. किती लोकांची किती कापडं मी मोजली असतील, पण मला कोणी मोजतंय हे आयुष्यात पहिल्यांदाच. गज म्हणजे पुरे तीन फूट. फितीवरचा तीन फुटांचा आकडा माझ्या टोकाच्या पलीकडे, उघड्या फरशीवर पडला.

मालक गादीवरून घसरत खाली आले. गुडघा विसरले. माझ्या टोकापाशी त्यांनी अंगठा आडवा ठेवला. अंगठ्याची पलीकडची कड बरोबर त्या आकड्यावर टेकली.

दिव्याखाली अंधार म्हणतात. इथं दिवाच अंधाराचा निघाला.

बाई चाचरत म्हणाल्या, “शेवटचा भाग बाकीच्यांपेक्षा तोकडा आहे, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मला वाटलं, इथल्या जुन्या मापाची तशी रीतच असेल. प्रवाशांना मी तसं सांगूनही टाकलंय.”

तेव्हा मला ते फळकूट आठवलं. मालक लहान होते तेव्हाची गोष्ट. दुकानाचं फळकूट फुगून अडकलं होतं. थोरल्या मालकांनी मला उलटा धरून ते ठोकलं आणि माझं टोक चिरलं. सुतारानं चिरलेलं तेवढं कापून काढलं, घासलं, टोपण पुन्हा बसवलं. न्हाव्याकडून उठल्यावर माणसाला हलकं वाटतं, तसं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून थोरले मालक टोकाशी अंगठा ठेवायला लागले. का, ते कोणाला सांगितलं नाही. बोलणं कमीच ना. मुलानं बघितलं आणि तो शिकला. मी सगळ्या जगावर संशय घेतला, पण असा एक तुकडा आपल्या अंगावरून गेला तर आपण तेवढे कमी झालो, हे साधं गणित माझ्या लाकडी डोक्यात आलं नाही.

आत्याबाई म्हणाल्या, “म्हणजे आपले बाबा लोकांना...”

“नाही,” मालक म्हणाले. “ते पुरंच देत होते. जास्त देतो असं ते कधी म्हणाले, तुला आठवतंय? एकदा तरी?”

आत्याबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

“ते मी म्हणालो. गज तुमचा, अंगठा आमचा. आमचा कसला? तोही त्यांचाच होता.” मग त्यांनी मला उचललं आणि दोन्ही टोकांना धरलं. मोडायला माणूस गुडघ्यावर घेतो, तसं घेतलं. नेमका सुजलेल्या गुडघ्यावर. कळवळून त्यांनी मला सोडलं. मी वाचलो तो त्या गुडघ्यामुळे. नंतर पुष्कळ लोकांनी याचं श्रेय मालकांच्या मोठ्या मनाला दिलं, म्हणून हे सांगून ठेवतो.

सुनेनं मला उचलून बाजूला ठेवलं. “बाबा, अंगठा सोडून मी जेवढ्यांना कापड दिलं, त्या सगळ्यांना कमी गेलंय. त्यांना बोलावते. बाई, वरचे पडदे आम्ही नवे देतो.”

“बोलावशील तर गावभर होईल,” आत्याबाई म्हणाल्या.

“होऊ दे. त्यांना आपलं आपण कळण्याआधी होऊ दे.”

बाई पडद्याची घडी छातीशी धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांना दुकानाचं नाव घालवायचं असतं तर तेव्हा ती नामी वेळ होती. त्या एवढंच म्हणाल्या, “नवे पडदे मोजताना मी माझ्या लोकांना घेऊन येऊ का? त्यांना ही गोष्ट ऐकायला आवडेल.”

“कुठली गोष्ट?” मालकांनी पडक्या आवाजात विचारलं.

“ही. आत्ता झाली ती.”

मालक गादीवर परत चढले. चढले ते एका कडेला बसले, पार भिंतीशी. मधली सगळी जागा मोकळी सोडली. सून उभीच राहिली तर म्हणाले, “आता काय आमंत्रण देऊ?” ती बसली. आत्याबाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला आणि दोऱ्याकडे बघत म्हणाल्या, “मी काही तिला चोर म्हटलं नव्हतं हो. कोणी तसं धरून चालू नये.”

लोक आले. ज्यांना कमी गेलं होतं ते आले, आणि ज्यांनी वर्षानुवर्षांत काही घेतलं नव्हतं तेही आले. एकजण आजोबांचा अंगरखा घेऊन आला, बाह्या तेव्हापासून आखूड आहेत म्हणून. सुनेनं ऐकून घेतलं, हसली, चहा दिला. तो रुमाल विकत घेऊन गेला. मी म्हटलं ना, घ्यायला न आलेला माणूसच काहीतरी घेऊन जातो.

पोलादी पट्टी आली. मला वाटलंच होतं. सून तिच्यावर मोजते. पट्टी पुरी आहे, बाईंनी फीत लावून पाहिलंय. तरीही टोकाशी आली की सून अंगठा आडवा ठेवते आणि पलीकडून पुढचं माप धरते. पहिल्यांदा तिनं तसं केलं तेव्हा मालकांनी विचारलं, “आता कशाला?”

“लोकांना इतकी वर्षं सांगितलंय ना,” ती म्हणाली. “आता देऊन टाकू.”

ते वाक्य मात्र ती म्हणत नाही. मालकही म्हणत नाहीत. ते नुसते तिच्या अंगठ्याकडे बघत बसतात.

मी आता दारात असतो, बुटक्या चौकटीच्या आत, बहिणीच्या सावलीला. प्रवासी कपाळ चोळत आत येतात. सून मला त्यांच्या हातात देते आणि म्हणते, “हा आमचा खोटा गज. बघा मोजून.” ते फीत लावतात, हसतात, मग पोलादी पट्टीला फीत लावतात, आणि मग कापड घेतात. पुष्कळ घेतात. मागच्या आळीत बंद पडलेले माग पुन्हा खटखटायला लागलेत, इथवर आवाज येतो. माझ्या बदनामीवर दुकान चालतंय म्हणा. तिला हे पहिल्यापासून कळलं होतं की काय, असा मला दाट संशय आहे. मालक तिला पोरगी म्हणतात. मी तिला हाडाची व्यापारी म्हणतो, आणि माझ्या तोंडी याहून मोठी स्तुती नाही.

तर तुम्ही कधी जुन्या गल्ल्या बघत हिंडत याल, तेव्हा आत डोकावा. वाकून या. आपली फीत बरोबर आणा आणि मला खुशाल मोजा, मी वाईट वाटून घेणार नाही. सवय झालीय. फक्त एवढं करा, जाता जाता त्या पोलादी पट्टीलाही पुन्हा एकदा मोजा. आज पुरी आहे, हे मी मानतो. पण काल सून घाईत त्याच पट्टीनं अडकलेलं फळकूट ठोकत होती, आणि हे दुकानात माझ्याशिवाय कोणीही पाहिलेलं नाही.